गुत्त्याने दिलेले घर

मराठवाड्यात ठेकेदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात आणि ठरावीक रकमेत सगळे काम अंगावर घेण्याला ‘गुत्ता’. तेलुगू आणि कन्नड भाषांतही हा शब्द थोड्याफार फरकाने याच अर्थाने नांदतो, आणि या तिन्ही भाषांचे जिल्हे १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात एकत्र होते, त्या राज्यात अबकारीसारखी कामे गुत्त्यानेच दिली जात. गुत्त्यात रक्कम आधी ठरते आणि तपशील मागाहून उलगडतो. ताडीच्या झाडांच्या गुत्त्यात त्याने फारसे बिघडत नसे, कारण झाड काय देणार याचा अंदाज दोन्ही पक्षांना असे. घराचे तसे नाही. घर शेकडो लहानमोठ्या निवडींचे बनते, आणि ज्या निवडी सही करताना कागदावर आलेल्या नसतात त्या पुढे कोणीतरी करतोच. तो कोण आणि कोणाच्या पैशाने, एवढाच प्रश्न उरतो.

हैदराबादमधील नामपल्ली हा भाग हा प्रश्न समजून घेण्यास सोयीचा आहे. १९०७ साली सुरू झालेले रेल्वेस्थानक, बाग-ए-आम आणि तिच्या कडेची विधानसभा, यूसुफैन दर्गा, दर जानेवारीत भरणारी ‘नुमाईश’ ही नामपल्लीची ओळख सर्वांना असते. परंतु मुकर्रमजाही मार्गाच्या आत शिरले की अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेल्या भिंती आणि ‘गजा’त मोजलेले लहान भूखंड लागतात. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्ये स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळाने ज्या दाट वस्त्या मोकळ्या करायला घेतल्या त्यांत नामपल्लीही होती. मंडळाने बांधलेल्या घरात राहणाऱ्याला खोल्यांची संख्या वा फरशी निवडण्याचा प्रश्नच नव्हता, ते सारे मंडळ ठरवी. त्या मंडळाचा वारसा १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळाकडे गेला आणि त्याची ‘गृहकल्प’ ही इमारत याच परिसरात उभी राहिली. आता मात्र प्रत्येक निवड घरमालकाच्या डोक्यावर आहे, आणि मोकळी जमीन उरलेली नसल्याने येथे नवे घर म्हणजे बहुधा जुने पाडून त्याच जागी बांधलेले घर असते.

भाषेची एक अडचण आरंभीच नोंदवायला हवी. सुलतान बाजार, काचीगुडा, नामपल्ली या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा करार इंग्रजीत लिहिला जातो, त्याची बोलणी दख्खनीत होतात, मेस्त्री तेलुगू बोलतो आणि घरात चर्चा मराठीत चालते. चार भाषांतून गेलेला शब्द वाटेत आपला अर्थ सांडतो. ‘फिनिशिंग’ म्हणजे गिलावा घोटून देणे, की पुट्टी भरून रंगाचे दोन हात देणे, यावरून झालेली भांडणे थोडी नाहीत. म्हणून कराराच्या मसुद्यात प्रत्येक संज्ञेचा अर्थ एका वाक्यात लिहून घेणे हे वकिली अवडंबर नसून व्यवहाराची गरज आहे.

पहिला करार बांधण्याचा नसतो, पाडण्याचा असतो. जुन्या हैदराबादी घरांत सागवानी चौकटी, दारे, कधी जिने आणि तुळया असतात, आणि जुन्या सागवानाला बाजारात चांगली किंमत येते. त्यामुळे पाडकाम करणारा पुष्कळदा मजुरी मागण्याऐवजी उलट घरमालकालाच पैसे देऊ करतो. हा व्यवहार पाडकामाच्या घाईत तोंडी उरकला जातो, आणि नंतर नव्या घराच्या दारांसाठी सागवान विकत घेण्याची वेळ आली की त्याची खरी किंमत कळते. कोणते लाकूड, लोखंड, दगड मालकाचे राहील, राडारोडा कोण उचलेल (हैदराबादमध्ये त्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे जीडीमेटला आणि फतुल्लागुडा येथे आहेत), आणि शेजाऱ्याच्या भिंतीला टेकू देण्याचा खर्च कोणाचा, हे तीन मुद्दे त्या छोट्या करारात असावेत. शेजारच्या भिंतीची छायाचित्रे पाडकामाआधी तारखेसह काढून ठेवली, तर जुनी भेग नव्या कामाच्या नावावर जात नाही.

त्यानंतर परवानगी. तेलंगणाने २०२० मध्ये ‘टी-एस-बी-पास’ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला, त्यानुसार ७५ चौरस गजांपर्यंतच्या भूखंडावर सात मीटरपर्यंत उंचीच्या घराला परवानगीची गरज उरली नाही, एक रुपया भरून नोंदणी पुरेशी ठरली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर दहा मीटर उंचीपर्यंतच्या घराला स्वयंप्रमाणनावर, म्हणजे मालकाने आपणच नियम पाळल्याची हमी देऊन, ताबडतोब मंजुरी मिळण्याची सोय झाली. गज म्हणजे नऊ चौरस फूट. त्या हिशेबाने नामपल्लीतील १५० गजांचा भूखंड १३५० चौरस फुटांचा, सुमारे १२५ चौरस मीटरचा, मराठी मापाने जेमतेम सव्वा गुंठ्याचा होतो आणि स्वयंप्रमाणनाच्या मर्यादेत बसतो. या सोयीची दुसरी बाजू अशी, की हमी मालकाची असल्याने मंजूर नकाशाबाहेर गेलेल्या बांधकामाचा जाबही मालकालाच द्यावा लागतो, आणि खोटी हमी दिलेले बांधकाम नोटीस न देता पाडण्याचा अधिकार कायद्याने प्रशासनाला दिला आहे. तेव्हा नकाशाबाहेर एक फूटही बांधायचे झाल्यास मालकाची लेखी संमती लागेल, आणि ती नसताना बांधलेल्या भागाचा पाडण्याचा व दंडाचा खर्च ठेकेदाराचा, असे कलम मुख्य करारात हवेच.

मुख्य करार तीन तऱ्हांनी होतो. पहिल्या तऱ्हेत ठेकेदार फक्त मजुरी घेतो आणि सिमेंट, सळई, विटा, वाळू मालक आणून देतो. दुसऱ्या तऱ्हेत साहित्यासह चौरस फुटाचा एकच दर ठरतो. तिसरीत प्रत्येक बाबीचा, म्हणजे खोदाई, काँक्रीट, वीटकाम, गिलावा यांचा, निराळा दर लावून झालेल्या कामाचे मोजमाप घेतले जाते. मध्यमवर्गीय कुटुंबे दुसऱ्या तऱ्हेकडे वळतात, कारण तिच्यात डोकेदुखी कमी दिसते. कराचा विचार मात्र येथेच करायला हवा. स्वतःच्या एकट्या घरासाठी दिलेल्या निव्वळ मजुरीच्या कामाला वस्तू व सेवा करातून सूट आहे, तर नोंदणीकृत ठेकेदाराच्या साहित्यासह कामावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे ५० लाखांच्या कामावर नऊ लाख. ‘दर करासह’ किंवा ‘कर वेगळा’ हे दोन शब्द करारात नसतील तर नऊ लाखांचा वाद जोत्याखालीच पुरला जातो. शिवाय एकाच ठेकेदाराला वर्षात ५० लाखांहून अधिक रक्कम देणाऱ्या घरमालकाला त्यातून दोन टक्के आयकर कापून सरकारजमा करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर पाच टक्के होता. घर बांधणाऱ्या पगारदाराला ही जबाबदारी आपल्यावर आहे याची कल्पनाही सहसा नसते.

चौरस फुटाच्या दरात खरा खेळ ‘चौरस फूट’ या शब्दात आहे. खोल्यांच्या आतील वापराचे क्षेत्र वेगळे, भिंतींसह धरलेले जोत्याचे क्षेत्र वेगळे, आणि हैदराबादचे ठेकेदार ज्यावर दर लावतात ते ‘स्लॅब क्षेत्र’ आणखी वेगळे. त्यात बाल्कनी, छज्जा, जिना आणि गच्चीवरची जिन्याची खोली पूर्ण धरायची की अर्धी, हे कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेले नाही. समजा तीन मजल्यांचे मिळून २७०० चौरस फूट होतात आणि वादग्रस्त भाग २७० चौरस फुटांचा आहे, तर चौरस फुटाला २००० रुपये दराने त्या एका व्याख्येची किंमत पाच लाख चाळीस हजार रुपये होते. यावर उपाय साधा आहे: मंजूर नकाशाच्या प्रतीवर मोजायचा भाग रंगवून दोघांनी त्यावर सह्या कराव्यात. दराच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टींचीही अशीच नोंद हवी. जमिनीखालची पाण्याची टाकी, जिला येथे सर्रास ‘संप’ म्हणतात, कुंपणभिंत, कूपनलिका, पावसाचे पाणी मुरवण्याचा खड्डा, फाटक, विजेच्या जोडणीचे शुल्क, यांतले काय दरात आणि काय दराबाहेर, हे गृहीत धरू नये. हैदराबाद शहर अतिप्राचीन ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले असल्याने पाया खोदताना कातळ लागणे नवलाचे नाही. दाट वस्तीत सुरुंग लावता येत नाही, यंत्राने किंवा फुगणारी रासायनिक भुकटी भरून तो फोडावा लागतो, आणि ते काम मातीच्या खोदाईच्या दरात होत नाही. कातळाचा घनमीटरचा दर आधीच ठरवलेला असला, की तो लागल्यावर घासाघीस करावी लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरलेल्या विटा-वाळू डोक्यावरून आत नेण्याची मजुरी हा नामपल्लीचा खास खर्च, आणि तोही बहुतेक करारांत अनाथच असतो.

आता निवडींकडे. साहित्याच्या यादीत सर्वांत महागडा शब्द कोणता असेल तर तो ‘किंवा तत्सम’. अमुक कंपनीच्या टाइल्स ‘किंवा तत्सम’ असे लिहिले, की तत्सम काय हे ठरवण्याचा अधिकार खरेदी करणाऱ्याकडे, म्हणजे ठेकेदाराकडे जातो. त्याऐवजी कंपनी, मालिका, आकार, छटेचा क्रमांक आणि नमुन्यावर दोघांची सही, अशी नोंद असावी. जेथे निवड इतक्या लवकर शक्य नसते तेथे ‘मूळ दर’ लिहिण्याची पद्धत आहे: फरशीसाठी चौरस फुटाला इतके रुपये धरले आहेत, याहून महाग निवडल्यास फरक मालक देईल, स्वस्त निवडल्यास तो वजा होईल. या वाक्याचा उत्तरार्ध मसुद्यांतून फार वेळा गळालेला असतो. मूळ दर हा कंपनीच्या छापील यादीचा की दुकानातल्या प्रत्यक्ष विक्रीचा, कर आणि वाहतूक धरून की सोडून, हेही लिहायला हवे, कारण ट्रूप बाजारात नळ-तोट्या आणि दिवे घेणाऱ्या कुणालाही छापील आणि प्रत्यक्ष किमतीतले अंतर ठाऊक असते.

दगडाच्या बाबतीत हैदराबादच्या घरमालकाचे भाग्य थोर आहे. महाराष्ट्रातील घरांत ज्या ‘शहाबादी’ फरशीने पिढ्या काढल्या ते शहाबाद आणि स्वयंपाकाच्या ओट्याला ज्याने आपले नाव दिले तो ‘कडप्पा’, ही दोन्ही मुळात गावांची नावे. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, कडप्पा आंध्रात. त्यांच्या जोडीला विकाराबाद जिल्ह्यातील तांडूरचा निळा व पिवळा चुनखडक आणि तेलंगणातील खाणींचा ग्रॅनाइट. असे असूनही गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सचीच निवड का होते, हे कोडे आहे. उन्हाळ्यात तांडूरची फरशी पायाला जो गारवा देते तो चकचकीत टाइलला साधत नाही. दगड निवडताना जाडी, कडांची घडाई आणि एकाच खाणीच्या एकाच खेपेतला माल या तीन गोष्टी लिहाव्यात, कारण दुसऱ्या खेपेची छटा जुळत नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या निवडी याहून महत्त्वाच्या. सळई कोणत्या प्रतीची, काँक्रीटचे मिश्रण कोणते, वाळू गोदावरीच्या पात्रातली की दगड दळून केलेली, हे आराखडा करणाऱ्या अभियंत्याने ठरवायचे असते, विक्रेत्याने नव्हे. दळलेल्या वाळूला येथे ‘रोबो सँड’ म्हणतात आणि भारतीय मानकाने ती काँक्रीटसाठी स्वीकारलेली आहे, तेव्हा तिच्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात दगडाची भुकटी मर्यादेबाहेर नसावी आणि गिलाव्यासाठी बारीक चाळलेली प्रत वेगळी असावी. प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे चौकोनी ठोकळे घेऊन सात आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत त्यांची ताकद तपासतात. ही चाचणी कोणाच्या खर्चाने आणि नापास झाल्यास पुढे काय, हे लिहिलेला घरगुती करार विरळाच. प्लायवूडचेही तसेच. ओलावा सोसणारे आणि उकळत्या पाण्याला टिकणारे यांची मानके निरनिराळी आहेत, पहिल्याचे ३०३ आणि दुसऱ्याचे ७१०. स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे.

निवड काय करावी याहून ती केव्हा करावी, याकडे दुर्लक्ष अधिक होते. रंग शेवटी निवडला तरी चालतो, पण भिंतीवर अधांतरी बसणाऱ्या कमोडची निवड वीटकामाआधी व्हावी लागते, कारण त्याची चौकट भिंतीत जाते. जमिनीवरच्या कमोडची नळी खाली जाते की मागे आणि भिंतीपासून किती अंतरावर, हे न्हाणीघराची नळजोडणी करताना ठाऊक असावे लागते. भिंतीत लपणाऱ्या मिक्सर-नळाचा मुख्य भाग टाइल लावण्याच्या कितीतरी आधी बसतो. छतातील दिव्या-पंख्यांच्या नळ्या स्लॅब ओतण्यापूर्वी सळईत बांधल्या जातात, म्हणून जेवणाचे टेबल कुठे येणार हे घर अजून आकाशाखाली असतानाच ठरवावे लागते. खिडकीचे माप लिंटेलआधी, म्हणजे उघाडीवरची काँक्रीटची पट्टी टाकण्याआधी. लिफ्टचा विचार तर पायाच्या आधी, कारण तिचा खड्डा पायातच असतो. फरशीची जाडी न ठरवता दारांच्या चौकटी बसवल्या, तर पुढे दार घासते किंवा खाली फट राहते. या सगळ्याचे एक पानी वेळापत्रक, प्रत्येक निवडीपुढे तिची अखेरची तारीख आणि ती चुकल्यास मुदतवाढ किती, अशा रीतीने करारास जोडले तर अर्धे तंटे उद्भवतच नाहीत. हे पान ठेकेदाराच्याही हिताचे आहे, कारण मालकाच्या अनिश्चयाने मजूर बसून राहिले तर तो तोटा त्याचा असतो.

हैदराबादमध्ये या वेळापत्रकाचा मोठा शत्रू म्हणजे उशिरा आलेला वास्तुशास्त्राचा सल्ला. श्रद्धेचा मान राखूनही म्हणता येईल, की जिना ईशान्येला नको हे नकाशा काढताना समजले तर ती रेघ खोडण्याइतकी बाब असते, आणि पहिला स्लॅब पडल्यावर समजले तर पाडकामाची. वास्तुतज्ज्ञाचीही नकाशावर सही घ्यावी अशी सूचना कोणी केल्यास ती थट्टा समजू नये.

बदल तर होणारच. त्यासाठी नियम एवढाच, की प्रत्येक जादा कामाची किंमत आणि त्याने वाढणारे दिवस काम सुरू करण्यापूर्वी लिहून त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात; मोबाइलवरचा संदेश चालेल का, आणि घरातल्या कोणाचा शब्द अंतिम, हेही ठरलेले असावे. एकत्र कुटुंबात वडील एक सांगतात, सुनेने दुसरेच सांगितलेले असते आणि मेस्त्री दोन्ही करून दोन्हींचे पैसे लावतो. भाववाढीचे कलम असल्यास ते दोन्ही दिशांनी चालणारे असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा ज्यांच्या करारात केवळ ‘भाव वाढल्यास’ असे शब्द होते त्यांना त्या कपातीवर कराराच्या आधारे हक्क सांगता आला नाही.

पैसे टप्प्यांनी द्यायचे, परंतु टप्पा म्हणजे तारीख नव्हे, पूर्ण झालेले काम: पाया, जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. गृहकर्ज असल्यास बँकही असेच टप्पे पाहून रक्कम सोडते, म्हणून करारातील टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्यावेत. नाहीतर ठेकेदाराला पैसे द्यायची वेळ आली आहे आणि बँकेची पाहणी झालेली नाही, अशी कोंडी होते. विलंबाबाबत १८७२ च्या भारतीय करार कायद्याची दोन कलमे जाणून घेण्याजोगी आहेत. कलम ५५ नुसार वेळ हे कराराचे मर्म आहे असा उभय पक्षांचा हेतू असेल, तरच मुदत चुकताच करार रद्द करता येतो, अन्यथा फक्त भरपाई मागता येते. आणि कलम ७४ नुसार करारात विलंबाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. त्यामुळे ‘दिवसाला पन्नास हजार दंड’ लिहून निश्चिंत होणाऱ्याची निराशा होते, तर आठवड्याच्या घरभाड्याएवढी रक्कम लिहिणारा आपले म्हणणे सहज पटवून देऊ शकतो.

स्वतः बांधण्याची ऐपत वा उमेद नसलेले मालक भूखंड विकसकाला देतात. मुखत्यारपत्रासह केलेल्या या विकास करारात सदनिकांची वाटणी ठरते आणि मालकाचा बांधकामाशी संबंध संपल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात निवडींची यादी येथे अधिकच काटेकोर हवी, कारण विकायच्या सदनिकांना ग्राहकाच्या डोळ्यांचा धाक असतो, मालकाच्या वाट्याच्या सदनिकांना नसतो. अशा मालकाला ‘ग्राहक’ म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये फकीरचंद गुलाटी खटल्यात मान्य केले आणि २०१६ मध्ये बुंगा डॅनियल बाबू खटल्यात त्याला पुष्टी दिली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, ज्याला ‘रेरा’ म्हणतात, विकसकावर ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी आहे. पण तो कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्याला लागू होतो, स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला त्याचा आधार नाही. त्याचे संरक्षण त्याच्या करारात जेवढे लिहिले असेल तेवढेच, आणि त्यापलीकडे ग्राहक आयोग. घरबांधणी १९९३ मध्ये ग्राहक कायद्याच्या ‘सेवा’ या व्याख्येत आली. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. दोन वर्षांत हैदराबादवरून दोनच पावसाळे जातात, आणि गच्चीची गळती काही वेळा तिसऱ्याची वाट पाहते. तेव्हा गळती आणि भेगांसाठी किती वर्षांची हमी, आणि ती पाळली जावी म्हणून बिलातून राखून ठेवलेली रक्कम किती काळाने परत, हे करारातच मागून घ्यावे लागते.

अखेरचा हप्ता कशावर द्यायचा, यावर मात्र दुमत नसावे. चाव्या मिळाल्यावर नव्हे, तर भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यावर, म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे बांधले गेले आणि राहण्यास योग्य आहे असा दाखला मिळाल्यावर. २०१२ च्या बांधकाम नियमांत हा दाखला नसेल तर वीज व पाण्यासाठी तिप्पट दर आकारण्याची तरतूद आहे. त्याच वेळी ठेकेदाराकडून आणखी एक पाकीट मागून घ्यावे: गिलावा होण्यापूर्वी घेतलेली प्रत्येक भिंतीची छायाचित्रे, ज्यांत नळ आणि विजेच्या नळ्या कुठून गेल्या ते दिसते, रंगांच्या छटांचे क्रमांक, आणि प्रत्येक प्रकारच्या दहा-बारा जादा टाइल्स.